दोन्हीकडून दुप्पट

सुभेदार कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीसमोर पेन्सिल हलवायचे. चहा नंतर. वरच्या खिशातली पिवळी पेन्सिल काढायची, चालू पडद्यासमोर धरायची आणि पंख्याने वारा घालावा तशी जोरजोरात डावी-उजवी करायची. पडद्याच्या उजेडात एका पेन्सिलीच्या चार-पाच पेन्सिली दिसतात, मध्ये काळ्या फटी. सुभेदार त्या मोजायचे. पेन्सिली जास्त दिसल्या तर पडदा भराभर उजळतोय, डोळ्याला चांगला. कमी दिसल्या तर तो लुकलुकतोय, डोकं दुखणार.

आमच्या मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने पाहिलं ते इतकंच, की आठवड्यापूर्वी घेतलेल्या रंगीत टीव्हीसमोर एक पांढऱ्या मिशांचा माणूस एकाग्र होऊन हात हलवतोय. ती आत गेली आणि मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आली.

"सुभेदार, दृष्ट अशी नाही काढत. सरका, मी काढते."

"काढा की," सुभेदार नजर न हलवता म्हणाले. "म्या निस्त्या पेन्सिली मोजतूय."

त्यांचं नाव इथे देत नाही. साताऱ्यात नावाने त्यांना फारसं कुणी ओळखतही नव्हतं. ते खरेच सुभेदार होते, पलटणीतून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी रडारच्या गोल पडद्यासमोर बसून काढली. हिरवा ठिपका दिसला की तो पक्षी आहे, ढग आहे की विमान, हे ओळखायचं. "चार तास एका ठिपक्याकडं बघत बसल्यावर माणूस येडा तरी हुतो, न्हाईतर शाना," असं ते सांगायचे. आपण दोन्हीपैकी कोण झालो, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची काही वर्षं मी त्यांच्याकडे नोकरी केली. पोवई नाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मी सकाळी कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. आतल्या खोलीत सुभेदार दुपारी मशीन जोडायचे. मी क्लास घेते म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवशीच "मास्तरीणबाई" केलं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

इतर दुकानदार मशीन विकायचे. सुभेदार आधी परीक्षा घ्यायचे. गिऱ्हाईक जिना चढून वर आलं, धाप टाकत बसलं, की प्रश्न ठरलेला.

"पडद्यावर आडवे जेवढे ठिपके हायत ते दुप्पट केले. उभे बी दुप्पट केले. एकूण किती पट झाले?"

दहातले आठ जण म्हणायचे, "दुप्पट."

"दोन्हीकडून दुप्पट. मग?"

"मग... दुप्पटच की."

यावर सुभेदार उठायचे. गिऱ्हाइकाला दंडाला धरून भिंतीपाशी न्यायचे.

ती भिंत मी आजपर्यंत विसरलेले नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीची पानं एकमेकांना चिकटवून त्यांनी दीड मीटरहून रुंद कागद केला होता आणि भिंतीवर लावला होता. त्यावर मोटारींच्या शर्यतीच्या खेळातलं एक चित्र होतं. रस्ता, लाल गाडी, मागे डोंगर, वर आभाळ. आडव्या तीनशेवीस चौकटी, उभ्या दोनशे. एकेक चौकट स्केचपेनने भरलेली. खेळ थांबवून ठेवायचा, घड्याळजीचं भिंग पडद्याला लावायचं, ठिपके मोजायचे आणि कागदावर उतरवायचे. एकूण चौसष्ट हजार चौकटी. आठ महिने लागले. रंग बारा होते आणि खेळात कितीतरी जास्त, म्हणून आभाळ थोडं पोपटी झालं होतं. पण चार पावलं मागे सरून पाहिलं की गाडी खरंच धावत्येय असं वाटायचं.

"हे एक चित्र," ते सांगायचे. "मला आठ महिने लागले. मशीनला असली तीस-चाळीस चित्रं एका शेकंदात काढाय लागत्यात, तवा गाडी पळल्यागत दिसती. आन ह्ये जुन्या खेळाचं. आताच्या खेळाला सहाशे चाळीस आडवे, चारशे ऐंशी उभे. म्हंजे असल्या पावणेपाच भिंती. तुमी मला सांगताय एक हजार चोवीस पायजे. कोन काढनार हाय त्ये? तुमचा मेहुना?"

बायकांना ते रांगोळीवरून सांगायचे. "एकवीस ठिपक्यांची काढायला किती येळ लागतो वहिनी? बेचाळीस ठिपक्यांची काढा बरं, तेवढ्याच येळात, तेवढ्याच हातांनी." त्यांना ते लगेच कळायचं. मी एक निरीक्षण नोंदवून ठेवते: 'चौपट' हे उत्तर पहिल्या फटक्यात देणाऱ्यांत बायका जास्त असायच्या. सुभेदारांच्या मते कारण साधं होतं. पुरुषांनी अंगण कधी भरलेलं नसतं.

इंचांवर त्यांचा राग होता. लोक टीव्हीच्या सवयीने इंचात बोलायचे. एक डॉक्टर दवाखान्यासाठी सतरा इंची मॉनिटर मागायला आले. सुभेदारांनी सुतळी काढली, एक टोक डॉक्टरांच्या कपाळाला लावलं, दुसरं टेबलाला.

"दीड हात. एवढ्या जवळनं सतरा इंच म्हंजे तुमची मान दिवसभर टेनिस बघनार. चौदा घ्या."

"अहो, पण मोठ्यावर स्पष्ट दिसेल ना?"

"इंच म्हंजे पन्हा, ठिपके म्हंजे सूत. पन्हा वाढीवला आन सूत तेवढंच ठेवलं, तर लुगडं इरळ हुतं डॉक्टरसाहेब. आरपार दिसतंय. स्पष्ट कुठलं!"

डॉक्टर चौदा इंची घेऊन गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी आपल्या भावाला पाठवलं. हे असं नेहमी व्हायचं असं मात्र नाही. बरेच जण सुतळी पाहूनच उठून जायचे, आणि नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानातून सतरा इंची घेऊन, रिक्षात घालून, आमच्या खिडकीखालून न्यायचे.

खेळावर त्यांचा एवढा भर का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. साठीचा माणूस, स्वतः कधी एक शर्यत पुरी करायचा नाही. शर्यत सुरू झाली, बाकी गाड्या भुर्रकन गेल्या, की हे आपली गाडी कडेला लावायचे आणि भिंग घेऊन डोंगराच्या कडेला ठिपक्यांच्या पायऱ्या दिसतात का ते बघत बसायचे. मी एकदा विचारलं, बँकेला, शाळेला मशीन विकावं, खेळाच्या मागे कशाला लागायचं?

"अक्षर जाग्यावर ऱ्हातंय, मास्तरीणबाई. जाग्यावर ऱ्हानारं कुठलंबी मशीन दाखवतंय. खेळात सगळं हलतंय. मशीनचं पितळ हलताना उघडं पडतं. पलटणीत जवान बी उभा बघून घेत न्हाईत, पळवून बघत्यात."

हे वाक्य मी ऐकलं, वहीत उतरवूनही घेतलं. त्याचा उपयोग काय झाला, ते पुढे सांगते.

मशीन तयार झालं की सुभेदार मॉनिटरच्या पाठीवर डिंकाने एक चिठ्ठी चिकटवायचे. लाल शाईत: किती ठिपके, पडदा सेकंदाला किती वेळा उजळतो, चित्र काढणाऱ्या कार्डाची मेमरी किती. खाली 'हलवू नये', म्हणजे हे आकडे बदलू नयेत, आणि सही. ही चिठ्ठी फक्त ते लिहायचे. लाल पेन दुसऱ्या कुणाच्या हातात जायचं नाही. माझ्या तर नाहीच. मी एकदा निरोप लिहायला उचललं, तर त्यांनी हातातून काढून घेतलं आणि निळं दिलं.

दुकान फार चालत होतं असं नाही. त्यांचा मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात होता. त्याने त्या वर्षी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "आबा, दिवाळीपतुर बगा. न्हाई जमलं तर जागा सोडा आन गावाकडं ऱ्हावा." गाव रहिमतपूरजवळ, तिथून ते रोज एसटीने यायचे. सुभेदार "व्हय" म्हणाले. माझंही त्यातच अडकलेलं होतं. घरच्यांचं न ऐकता पतसंस्थेतली कायमची नोकरी सोडून मी इथे आले होते. दुकान बंद झालं असतं तर मला खाली मान घालून घरी बसावं लागलं असतं, आणि पुढचे निर्णय इतरांनी घेतले असते.

अशात सांगलीचं काम आलं. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. त्यांचा सांगलीच्या विश्रामबाग भागात एक हॉल रिकामा होता. त्यांना तिथे गेमचं पार्लर काढायचं होतं. दहा मशीन, एकदम. एवढं काम आम्हाला कधीच मिळालं नव्हतं. ते नीट पार पडलं तर दिवाळीचा प्रश्न मिटत होता.

बागायतदार जिना चढून आले, परीक्षेला बसले आणि "दुप्पट" म्हणाले. भिंत बघूनही त्यांचं समाधान झालं नाही.

"आवं सुभेदार, म्या पुन्यात बघितलंय. एक हजार चोवीस. काय दिसतंय म्हनून सांगू! घडातला मनी न् मनी मोजून घ्यावा."

"मशीन कंचं हुतं?"

"मशीन टेबलाखाली हुतं. म्या पडदा बघितला."

"म्हंजे गाडी बघून आला, बैलं बघितलीच न्हाईत."

बागायतदार बैलगाडी शर्यतीचे शौकीन. त्यांना ते लागलं आणि थोडं पटलंही. सुभेदारांनी समजावलं, या कार्डात आठ एमबी मेमरी आहे, सहाशे चाळीसला गाडी लोण्यासारखी पळेल, तिच्यावर जादा पोती टाकू नका. "बरं, उद्घाटनाला बघू," म्हणून ते गेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही दहाही मशीन लावली. सुभेदारांनी दहा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ते गावी परतले. मी सांगलीत नातेवाइकांकडे राहिले. ते सकाळी अकराला पोचणार होते. मी नऊलाच हॉल उघडला. पाठोपाठ बागायतदार आले. नवा सदरा, कपाळाला गंध, चेहरा पडलेला.

"ताई, पुन्यासारखं न्हाई हो दिसत. गाडीच्या कडंला दातं दिसत्यात. पावनं येनार हायत, समदी म्हननार, ह्येनं हलकं आनलं. काय करता येतं का बघा की."

करता येत होतं. खेळाच्या मेनूत एक हजार चोवीसचा पर्याय होता. मी एका मशीनवर तो निवडला. शर्यतीची सुरुवात आली, गाडी रेषेवर उभी. काय चित्र होतं! बॉनेटवर आभाळाचं प्रतिबिंब, डोंगराच्या पायऱ्या गायब. बागायतदारांनी हात जोडले.

मी गाडी उभी असताना बघितली. एक्सिलरेटरची कळ दाबून पाहिली नाही. दाबायला एक सेकंद लागला असता. मी काय केलं, तर दहा मॉनिटरच्या दहा चिठ्ठ्या नखाने खरवडल्या आणि दहाही मशीन एक हजार चोवीसवर नेली.

अकराला नारळ फुटला. बागायतदारांच्या आईंनी फीत कापली. कॉलेजची दहा पोरं खुर्च्यांवर बसली, मागे दोनेकशे माणसं उभी. शर्यत सुरू झाली.

गाड्या पळेनात. म्हणजे पुढे जात होत्या, पण गचके खात, एकेका चित्रावर थांबत. डावीकडे वळवली की गाडी क्षणभराने वळायची, तोवर झाडावर आदळलेली असायची. त्यात एवढे ठिपके भरताना पडदे सावकाश उजळत होते, थरथरत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे चोळायला लागल्या.

"आवं, ही रेस हाय का उसाची टॉली?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ट्रॉली कुटली, वरात हाय! नवरदेव कुठंय?"

हॉल हसला. बागायतदारांच्या चेहऱ्यावरचं गंध तेवढं जागेवर होतं. तेवढ्यात दारात सुभेदार दिसले, काखेत पिशवी. बागायतदार तिथूनच गरजले.

"सुभेदार! चारचौघांत इज्जत काढली तुमी माझी. आत्ताच्या आत्ता उचला समदं आन न्या साताऱ्याला!"

सुभेदारांनी पिशवी दाराशी ठेवली. गर्दीतून पुढे आले. पहिल्या पडद्यासमोर पेन्सिल हलवली. मग मॉनिटरच्या मागे हात घातला. चिठ्ठी नव्हती, डिंकाचा खरखरीत डाग होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच.

मला वाटलं, आता सांगतील. सांगायला हवंच होतं. त्यांचं दुकान जात होतं आणि घालवणारी समोर उभी होती. बागायतदारांच्या तोंडून आधी माझं नाव निघेल असंही मला वाटत होतं, पण त्यांनीही ते घेतलं नाही. पर्याय त्यांनीच मागितला होता.

"चूक आमच्या दुकानाची हाय," सुभेदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "धा मिंटं द्या. चा घ्या तवर."

एका रांगेत ते बसले, दुसऱ्या रांगेत मी. पाच मशीन त्यांनी परत सहाशे चाळीसवर आणली, पाच मी.  मग त्यांनी पोरांना बसू दिलं नाही. बागायतदारांना हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं.

"म्या? मला कुठं येतंय!"

"कासरा धरता न्हवं शर्यतीत? ही डावी, ही उजवी, ही पळीव. चला."

बागायतदारांनी कळ दाबली. गाडी सुटली. कडांना दाते होते, डोंगराला पायऱ्या होत्या, पण वळण आलं आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे कलले, गाडीही त्याच क्षणी कलली. दुसऱ्या वळणाला ते "हुर्र" म्हणाले. तिसऱ्याला दोन गाड्या मागे टाकल्या. हॉलमध्ये शिट्टी झाली.

"चित्र जरा जाडं हाय," सुभेदार शेजारी उभं राहून म्हणाले.

"आसूं द्या! वळतीया न्हवं?"

"वळतीया."

"मग बाजूला व्हा, दिसंना मला!"

त्यांना उठवायला शेवटी त्यांच्या आईंना यावं लागलं. मशीन तिथेच राहिली. पार्लर पुढे चांगलं चाललं आणि दुकान त्या दिवाळीनंतरही राहिलं. मुलाने परत विषय काढला नाही.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर होतो. पेठ नाका गेला. कराड गेलं. उंब्रज आलं तेव्हा म्हटलं, "सुभेदार, ते मी केलं होतं."

"ठावं हाय. तुमच्याबिगर त्यो मेनू कुनाला घावतूय?"

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "सहाशे चाळीस-चारशे ऐंशीवरनं एक हजार चोवीस-सातशे अडुसष्टला न्येलं. किती पट?"

मी मनात गुणाकार केला. "अडीचपट. थोडं जास्त."

"सकाळी केला हुता ह्यो हिशेब?"

"नाही."

"हूं," म्हणाले आणि साताऱ्यापर्यंत झोपले. निदान डोळे मिटून होते.

आता सुभेदार नाहीत. ती जागाही नाही, भिंत नव्या भाडेकरूने रंगवली. हलणाऱ्या चित्राचं मला आज जे काही समजतं, ते त्यांच्याकडून आलेलं आहे. पण मला ते आठवतात ते सांगलीच्या दुसऱ्या दिवसामुळे.

मी सकाळी राजीनामा लिहून नेला होता. निळ्या पेनने, चार ओळी. सुभेदार आतल्या खोलीत एक मशीन तयार करून बसले होते. कोरेगावच्या एका शिक्षकाचं. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून तो वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूची एक पट्टी फाडली. ती माझ्यासमोर ठेवली. मग वरच्या खिशातून लाल पेन काढून पट्टीवर ठेवलं.

"आजपास्नं चिठ्ठ्या तुमी लिवायच्या."

"मी? कालच्यानंतर?"

"कालच्यानंतरच. मशीन आधी पळवून बघा, मग लिवा."

मी बसले. शर्यत लावली, गाडी तीन फेऱ्या पळवली, वळवली, मुद्दाम झाडावरही घातली. त्यांची पेन्सिल मागून घेऊन पडद्यासमोर हलवली आणि पेन्सिली मोजल्या. मग लिहिलं: ६४० × ४८०, ७५ वेळा, आठ एमबी. हलवू नये. खाली सही केली.

सुभेदारांनी चिठ्ठीवर भिंग धरलं. बराच वेळ धरलं.

"सही बरी हाय," ते म्हणाले. "सहाचा आकडा नीट काढा. आठ वाटतोय."

मी दुसरी पट्टी फाडली.